फाशी झालेल्याचं मनोगत भाच्याला वाचायला द्यावं का?

तुम्ही विचारलंय की तुमचा भाचा 16 वर्षांचा आहे, शाळा सुटलीय, नको त्या मुलांत उठबस वाढलीय, परवा तर चोरीच्या मोटरसायकलवर मागे बसलेला दिसला. तुम्ही त्याचे मामा. फाशीची शिक्षा झालेल्या एखाद्या माणसाने तरुणांसाठी लिहिलेलं त्याला वाचायला दिलं तर तो ठिकाणावर येईल का?

द्या. पण पुस्तक हातात कोंबून निघून जाऊ नका, शेजारी बसून वाचा. आणि फासाच्या पानापासून नाही, पहिल्या पानापासून वाचा.

मी गेली अकरा वर्षं दर शनिवारी एका निरीक्षणगृहात मुलांना शिकवायला जातो. कायद्याच्या भाषेत ही 'विधिसंघर्षग्रस्त बालकं', म्हणजे गुन्ह्याच्या आरोपात सापडलेली अल्पवयीन मुलं. तुमच्या भाच्याच्याच वयाची, बरीचशी त्याच्यासारखीच मागच्या सीटवर बसून इथवर आलेली. सुरुवातीला मीही तुमच्यासारखाच विचार करायचो, की एकदा यांना शेवट दाखवला की झालं. म्हणून एकदा जन्मठेप भोगून बाहेर आलेल्या एका गृहस्थांना बोलवायचं ठरलं, त्यात माझाच पुढाकार होता. ते जीव तोडून बोलले. रात्रीच्या कोठडीबद्दल बोलले, आपण आत असताना आई गेली तेव्हाचं सांगितलं. मग बाही वर करून कोपरापासून मनगटापर्यंत गेलेला व्रण दाखवला. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मला वाटलं, पोचलं.

पुढच्या शनिवारी गेलो तर दोन मुलं बाकावर बसून एकमेकांच्या हातावर बॉलपेनने रेघ ओढत होती. कोपरापासून मनगटापर्यंत. आडवे टाके सुद्धा काढले होते.

त्या दिवशी मला कळलं की त्या गृहस्थांना सांगायचं होतं पश्चात्तापाबद्दल, आणि मुलांनी उचलला तो दरारा. सगळा हॉल ज्याच्यापुढे गप्प होतो तो माणूस पंधरा-सोळाव्या वर्षी हवाहवासा वाटतो. घरी-शाळेत ज्याचं कुणी कधी ऐकून घेतलेलं नाही त्याला तर फारच.

हे फक्त माझ्या डोळ्यांना दिसलेलं नाही. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात जन्मठेपेच्या कैद्यांनी 1976 मध्ये असाच कार्यक्रम सुरू केला. वाया चाललेल्या मुलांना आत आणायचं, अंगावर ओरडायचं, तुरुंगात काय होतं ते सांगून थरकाप उडवायचा. त्यावर 1978 मध्ये माहितीपट झाला, त्याला ऑस्कर मिळालं आणि ठिकठिकाणी तेच सुरू झालं. जेम्स फिंकेनॉवर नावाच्या अभ्यासकाने मात्र तुरुंग दाखवलेली मुलं आणि न दाखवलेली मुलं यांची तुलना केली. दाखवलेल्यांपैकी सुमारे 41 टक्के मुलं पुन्हा गुन्ह्यात सापडली, न दाखवलेल्यांपैकी सुमारे 11 टक्के. पुढे अशा नऊ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तोही हेच सांगतो की याने फायदा नाही, उलट नुकसान होतं. ते कैदी खोटारडे होते असं मी म्हणत नाही. त्यांची कळकळ खरी होती. पण कळकळीने सांगितलं म्हणून औषध लागू पडतंच असं नाही.

आणखी एक. 18 च्या आतल्या मुलाला आपल्याकडे फाशी देता येत नाही, आणि ही गोष्ट या मुलांना आपल्यापेक्षा पक्की ठाऊक असते. 'फासावर जाशील' म्हटलं की ती मान खाली घालतात आणि मनात म्हणतात, मला नाही होत फाशी. तिथेच आपलं बोलणं संपतं.

मग फाशी झालेल्या माणसाकडे मुलांना देण्यासारखं काय असतं? तो तिथपर्यंत कसा पोचला त्याचा रस्ता. तो त्याच्याइतका नीट कुणालाच ठाऊक नसतो.

पुण्यातलं जोशी-अभ्यंकर खून प्रकरण तुम्हाला माहीत असेलच. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह हे अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात दहा माणसं मारली. सप्टेंबर 1978 मध्ये फाशीची शिक्षा झाली आणि 27 नोव्हेंबर 1983 ला चौघांनाही येरवड्यात फाशी दिली. मधली पाच वर्षं उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, दयेचा अर्ज. या वाट बघण्याच्या काळात मुनव्वर शाहने आत्मकथन लिहिलं, 'येस, आय ॲम गिल्टी'. कबुली नावातच आहे.

मी मुलांना या प्रकरणातले खून सांगत नाही. तारखा सांगतो. पहिला खून 16 जानेवारी 1976 चा, प्रकाश हेगडे, त्यांच्याच कॉलेजातला मुलगा. वडिलांचं हॉटेल होतं, पैसे उकळता येतील असा हिशेब. ओळखीच्यांनी बोलावलं म्हणून तो बिचारा गेला. दुसरी घटना 31 ऑक्टोबरची, जोशी कुटुंब. मी फळ्यावर दोन्ही तारखा लिहितो आणि मधे किती दिवस गेले ते मुलांना मोजायला लावतो. साडेनऊ महिने होतात. साडेनऊ महिने रोज सकाळ उजाडत होती आणि चौघांपैकी कुणीही एक जण घरी, सरांकडे, पोलिसांत जाऊन 'आमच्या हातून हे झालंय' असं म्हणू शकला असता. तो तुरुंगात गेला असता, हो. पण नऊ माणसं जगली असती, आणि बहुधा तोही जगला असता. हेगडे प्रकरणात त्यांच्या बरोबर असलेला एक वर्गमित्र पुढे माफीचा साक्षीदार झाला, तो फासावर गेला नाही.

हे मोजताना मुलं हातावर रेघा ओढत नाहीत. मधला कोरा फळा बघत बसतात. एकदा एकाने विचारलं, "सर, त्यांना रात्री झोप यायची का?" मला उत्तर देता आलं नाही. पण तो स्वतःच्या झोपेबद्दल विचारत होता एवढं समजलं, आणि त्या आठवड्यात तो पहिल्यांदा समुपदेशक बाईंशी मोकळं बोलला.

भाच्याबरोबर वाचायला बसाल तेव्हा हेच शोधा. 'इथे थांबता आलं असतं' अशी जागा दिसली की थांबा आणि त्याला विचारा, तू असतास तर कुणाला सांगितलं असतंस? उत्तराची घाई करू नका, गप्प बसला तर बसू द्या. तुमच्याकडे सांगण्यासारखी चार वाक्यं तयार असतील, ती गिळा.

वयाचंही बघा. लॉस एंजेलिसचा स्टॅन्ली 'टूकी' विल्यम्स, ज्याने 1971 मध्ये वयाच्या सतराव्या वर्षी 'क्रिप्स' ही टोळी उभी करण्यात पुढाकार घेतला, त्याने सॅन क्वेंटिन तुरुंगात मृत्युदंडाची वाट बघताना टोळ्यांपासून दूर राहा असं सांगणारी पुस्तकं लिहिली. ती त्याने लहान मुलांसाठी लिहिली, टोळीत शिरलेल्या जवानांसाठी नव्हे. (ज्या चार खुनांसाठी त्याला 2005 मध्ये मृत्युदंड दिला ते त्याने कधीच कबूल केले नाहीत, म्हणून त्याच्याबद्दल आजही वाद आहे.) पण मुलांना लवकर गाठायला हवं हे त्याने बरोबर ओळखलं होतं. तुमचा भाचा सोळाचा आहे, उशीर झालेला नाही, पण सावकाश बघू असंही म्हणण्यासारखं राहिलेलं नाही.

कायद्यातलं एक मात्र त्याला सरळ सांगा, भीती म्हणून नाही, माहिती म्हणून. 'मी फक्त गाडी चालवत होतो', 'मी फक्त बाहेर उभा होतो' हे वाक्य मी दर महिन्याला ऐकतो. मिळून ठरवून केलेल्या गुन्ह्यात बाहेर उभा असलेलाही आत गेलेल्याइतकाच जबाबदार धरला जातो. आता भारतीय न्याय संहितेचं कलम 3(5), आधी दंड संहितेचं 34. पाच किंवा जास्त जणांनी दरोडा घातला आणि एकाने खून केला, तर कायद्याने त्यातल्या प्रत्येक प्रौढाला फाशीपर्यंतची शिक्षा होऊ शकते. 16 ते 18 वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला असेल तर प्राथमिक मूल्यमापन करून बालन्याय मंडळ त्याचा खटला प्रौढासारखा चालवायला पाठवू शकतं. आणि दुसरी बाजूही तितकीच ठासून सांगा. इतर गुन्ह्यांत सापडलेल्या अल्पवयीन मुलाला पुढे नोकरी-शिक्षणात त्यामुळे अपात्र धरायचं नाही, ठरलेल्या मुदतीनंतर त्याची कागदपत्रंही नष्ट करायची, असं बालन्याय अधिनियम 2015 म्हणतो. परत यायला वाट आहे हे ज्याला ठाऊक नसतं तो पुढेच जात राहतो. मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता कुणालाही आधी परतीची वाट सांगतो, शिक्षा नंतर.

त्या मोटरसायकलबद्दल त्याला अजून झापलं नसेल तर झापू नका. वकिलाचा सल्ला घ्या आणि त्याच्याबरोबर स्वतः उभे राहा.

आणि आज संध्याकाळी एक गोष्ट करून बघा. मुलं आमच्याकडे आणली जातात तेव्हा फोन काढून घेतलेला असतो. घरचा नंबर सांग म्हटलं की किती तरी मुलं नुसती बघत राहतात, कारण नंबर फोनमध्ये असतो, डोक्यात नसतो. भाच्याचा फोन बाजूला ठेवा आणि तुमचा नंबर त्याला तोंडपाठ म्हणता येतो का ते बघा. येत नसेल तर पाठ करून घ्या, आणि सांगा की रात्री दोन वाजता केलास तरी मामा आधी येईल, प्रश्न नंतर विचारील.