विहिरी आधी, आराखडा नंतर

पत्र:

मॅडम, मी एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. गाव राहाता तालुक्यात, वडिलांची चार एकर ऊसशेती. पुढच्या वर्षी संशोधन प्रकल्प आहे आणि त्याचा आराखडा ३० जूनपर्यंत द्यायचा आहे. मी 'अहिल्यानगर जिल्ह्यातील भूजल प्रदूषणाचा अभ्यास' असा विषय दिला होता. सरांनी तो दोनदा परत केला, दोन्ही वेळा 'व्याप्ती कमी करा' एवढाच शेरा. जिल्ह्याऐवजी तालुका केला तरी तेच. मैत्रिणीने एआयकडून बारा पानी आराखडा लिहून घेतला, तिचा मंजूर झाला. घरचे म्हणतात, त्यापेक्षा बँकेच्या परीक्षेचा अभ्यास कर. आराखडा नेमका करतात तरी कसा? आणि या प्रकल्पाचा पुढे काही उपयोग होतो का?

उत्तर:

तुझं पत्र एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आलं हे फार बरं झालं. कॉलेजची तारीख ३० जून आहे, पण विहिरीला ती कुणी कळवलेली नाही. भूजलाच्या अभ्यासात उन्हाळ्याचा नमुना मे महिन्यातच मिळतो. जूनअखेर आराखडा मंजूर होऊन तू बाटल्या घेऊन निघशील तेव्हा पहिला पाऊस मुरलेला असेल, आणि पावसाळ्याआधीचं पाणी पाहायला पुढचा मे उजाडेल. तोवर तुझा प्रकल्प जमा झालेला असेल. म्हणून आराखडा कागदावर यायच्या आधी तुला एकदा विहिरींवर जाऊन यायचं आहे. मार्गदर्शकांना तसं आत्ताच सांग. 'मे महिन्यात प्राथमिक पाहणी करते' म्हटल्यावर नाही म्हणणारा मार्गदर्शक मी अजून पाहिलेला नाही.

आता त्या शेऱ्याबद्दल. तीन शब्दांत शेरा लिहून वही परत करणं ही सरांची कंजुषी, पण शेरा खोटा नाही. जिल्ह्याचा तालुका केलास तेव्हा नकाशा लहान झाला, प्रश्न मात्र अजून पडलेलाच नाही. कशाचं प्रदूषण, कुठून आलेलं, कुणाच्या विहिरीत, कोणत्या ऋतूत? यातलं काहीच तुझ्या शीर्षकात नाही. असा विषय घेऊन निघालं की विद्यार्थी पाण्याचे वीसेक घटक तपासतात, पन्नास पानांचे तक्ते लावतात आणि शेवटी 'काही ठिकाणी पाणी पिण्यास अयोग्य आढळले' असं लिहून मोकळे होतात.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तू सहज लिहून गेलीस: वडिलांची चार एकर ऊसशेती. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचं पाणी प्रवरेच्या कालव्यांनी तुमच्या भागात येतं, त्या पाण्यावर ऊस आला, उसाबरोबर युरियाच्या गोण्या आल्या. पिकाने न उचललेलं नत्र पाटपाण्याबरोबर खाली झिरपतं आणि विहिरीत नायट्रेटच्या रूपात सापडतं. इथे प्रश्न उभा राहतो: पाटपाण्याखालच्या ऊसपट्ट्यातल्या विहिरींत जिरायती गावातल्या विहिरींपेक्षा नायट्रेट जास्त आहे का, आणि पावसाळ्यानंतर ते वाढतं की उतरतं? घटक एक, गावं दोन, ऋतू दोन. सरांना हवी असलेली व्याप्ती ही.

पण थांब, या प्रश्नात एक खड्डा आहे, अगदी शब्दशः. नायट्रेट शेतातूनच येतं असं नाही. विहिरीशेजारचा गोठा, उकिरडा, शौचालयाचा शोषखड्डा यांतूनही येतं. ऊसपट्ट्यातल्या वस्तीवर दहा गाई आणि विहीर त्यांच्यापासून तीस पावलांवर असेल, तर तू दोष युरियाला देशील आणि पाणी बिघडलेलं असेल गोठ्याने. त्यामुळे प्रत्येक विहिरीपासून गोठा, उकिरडा आणि शोषखड्डा किती अंतरावर आणि चढाच्या बाजूला की उताराच्या, हे नोंदवायचंच, असं आराखड्यात लिही. परीक्षक हा प्रश्न हमखास विचारतात. तो तू आधीच विचारलेला दिसला की पुढची तोंडी परीक्षा निम्मी सोपी होते.

दुसरी अडचण तुमच्या भागापुरती, पण महत्त्वाची. तुलनेसाठी जिरायती गाव निवडशील ते आजही जिरायती आहे का? ऑक्टोबर २०२३ मध्ये निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं आणि वर्षानुवर्षं टँकरकडे डोळे लावून बसलेल्या काही गावांत पाट आला. नकाशावर कोरडं दिसणारं गाव प्रत्यक्षात ओलं झालेलं असू शकतं. तिथे जाऊनच खात्री कर. गंमत म्हणजे नुकतंच पाणी आलेलं एखादं गाव मिळालं तर तुझा प्रश्न आणखी चांगला होईल: जिथे ऊस जुना आहे ती विहीर आणि जिथे पाट नवा आहे ती विहीर. तिसरं गाव मात्र घेऊ नकोस. दोनच.

विहिरी किती घ्यायच्या? आपल्याकडचा काळा पाषाण मोठा लहरी. पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांत असतं, त्यामुळे एका बांधावरच्या दोन विहिरींचे आकडेही जुळत नाहीत. गावात तीन-चार विहिरी तपासून काढलेल्या सरासरीला काही अर्थ उरत नाही. प्रत्येक गावात बारा धर. चोवीस विहिरी, दोन ऋतू, म्हणजे अठ्ठेचाळीस नमुने. शिवाय दर दहा नमुन्यांमागे एकाच विहिरीची दुसरी बाटली वेगळा क्रमांक घालून द्यायची, म्हणजे प्रयोगशाळेचा हात किती स्थिर आहे ते कळतं. असे साधारण पाच. एकूण त्रेपन्न बाटल्या. हा आकडा एका मुलीला एका वर्षात झेपणारा आहे. आणि विहिरी दोन्ही ऋतूंत त्याच असू देत. नोव्हेंबरमध्ये 'ती लांब पडते, शेजारची घेऊ' असं केलंस की ऋतूंची तुलना संपली.

मी स्वतः साठ विहिरी घेतल्या होत्या. एम.एस्सी.लाच, तुझ्याच वयाची असताना. पावसाळ्यानंतरचे सगळे नमुने गोळा करून बाटल्या कॉलेजच्या फ्रिजमध्ये ठेवल्या आणि दिवाळीच्या सुट्टीला घरी गेले. शिपायाने नियमाप्रमाणे विभागाचा मेन स्विच बंद केला. परत आल्यावर फ्रिज उघडला तो वास अजून आठवतो. डिसेंबरात पुन्हा फिरून जेमतेम एकोणीस विहिरींचे नमुने मिळाले, आणि प्रबंधात त्याचं कारण लिहिताना मला दीड पान लागलं. तो दोष शिपायाचा नव्हता. माझ्या आराखड्यात दिवाळीच नव्हती.

म्हणून वेळापत्रक शेवटाकडून मांड. प्रकल्प एप्रिलमध्ये जमा करायचा असेल तर मार्च लिहिण्यासाठी, जानेवारी-फेब्रुवारी आकडेमोडीसाठी आणि बिघडलेलं पुन्हा करण्यासाठी. पावसाळ्यानंतरची फेरी दिवाळीची सुट्टी संपून प्रयोगशाळा उघडली की त्याच आठवड्यात. पावसाळाभर वाचन: शोधगंगेवर पीएच.डी.चे प्रबंध फुकट वाचता येतात, तुमच्या भागातल्या भूजलावरचे चार-पाच पुरेत. वाचताना निष्कर्षांच्या आधी पद्धतीचं प्रकरण उघड. कुणी किती विहिरी घेतल्या आणि कुठे अडखळले, हे तिथे सापडतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. तुझ्या दोन गावांपैकी एकात जरी अशी विहीर असली तरी जिल्हा कार्यालयात अर्ज करून मागच्या वर्षांचे आकडे माग. पाण्याची पातळी फुकटात तुझ्या प्रकल्पाला जोडली जाईल.

वेळापत्रकात आणखी दोन गोष्टी बसवाव्या लागतील, त्या कुठल्याच पुस्तकात नसतात. एक, कालव्याचं आवर्तन. पाटाला पाणी सुटलं की आजूबाजूच्या विहिरी चढतात आणि नायट्रेट पातळ होतं. आवर्तन कधी सुटलं, कधी बंद झालं ते नोंदव, शक्यतो बंद झाल्यावर काही दिवसांनी जा. दुसरी, लाइट. उघड्या विहिरीत दोर-बादली सोडता येते, पण बोअरचं पाणी मोटर पाच-दहा मिनिटं चालवून मगच घ्यायचं असतं, नाहीतर पाइपात साचलेलंच पाणी बाटलीत येतं. थ्री-फेज लाइट त्या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, हे वडिलांना विचारल्याशिवाय तारीख ठरवू नकोस. खरं तर शक्य असेल तर सगळ्या उघड्या विहिरीच घे, बोअर मिसळूच नकोस. दोघांची खोली वेगळी, पाणी वेगळं.

बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची, विहिरीचा क्रमांक बाटलीवर लिहायचा आणि झाकणावर नाही (झाकणं बदलतात!). सामू (पीएच) आणि विद्युतवाहकता (यावरून पाण्यातल्या क्षारांचा अंदाज येतो) जागेवरच मोजायची. मग बाटली बर्फात. नायट्रेटचा नमुना चार अंश तापमानाला ठेवून ४८ तासांच्या आत तपासायला हवा. तेव्हा एका फेरीत प्रयोगशाळा दोन दिवसांत जेवढे तपासू शकेल तेवढेच नमुने गोळा कर. प्रयोगशाळेला हा आकडा आधी विचार, दर लेखी घे, आणि एक प्रश्न विसरू नकोस: तुम्ही निकाल नायट्रेट म्हणून देता की त्यातल्या फक्त नायट्रोजनचं वजन धरून, म्हणजे नायट्रोजन म्हणून? दुसऱ्या आकड्याला सुमारे ४.४३ ने गुणलं की पहिला मिळतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा नायट्रेट म्हणून आहे. अहवालात १२ आलं आणि ते नायट्रोजन म्हणून असेल, तर विहीर ५३ वर आहे. यात गफलत करून 'सर्व विहिरी सुरक्षित' असं लिहिलेले प्रकल्प मी पाहिले आहेत.

मंजुरीला जाण्याआधी एक काम कर. कोऱ्या कागदावर प्रकल्पातला शेवटचा तक्ता आख. डावीकडे चोवीस विहिरींचे क्रमांक, वर रकाने: गाव, खोली, पीक, गोठ्याचं अंतर, मेमधलं नायट्रेट, नोव्हेंबरमधलं नायट्रेट. सगळे चौकोन रिकामे ठेव. मग स्वतःला विचार की हे भरले तर माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं का. एखादा रकाना उत्तराच्या कामी येत नसेल तर तो घटक तपासूच नकोस. एखादा कमी वाटला तर आत्ता घाल, नोव्हेंबरमध्ये मे परत आणता येत नाही. आकडेमोडीतही सरासरीपेक्षा मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावले की मधोमध येतो तो) वापर. एखादी गोठ्यालगतची विहीर सरासरी कुठल्या कुठे नेते.

आराखड्यात अजून एक परिच्छेद हवा, जो बहुतेक जण गाळतात. निकाल वाईट आला तर तो कुणाला सांगणार? विहीरमालक तुला ओळखीने पाणी देणार आहेत, काही तुझे चुलतेच असतील. अहवालात नावं नको, क्रमांक वापर. पण ज्याच्या विहिरीत नायट्रेट मर्यादेच्या वर आहे आणि घरात तान्हं बाळ आहे, त्याला तू स्वतः जाऊन सांगायचं. आणि हेही सांगायचं की पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने ते दाट होतं. बाळाच्या दुधात ते पाणी वापरू नये.

मैत्रिणीच्या आराखड्याचं म्हणशील तर तो मंजूर झाला याचं मला नवल वाटत नाही. बारा पानं नीटनेटकी असली की मंजूर होतात. अशा आराखड्यात 'यादृच्छिक पद्धतीने शंभर नमुने घेण्यात येतील' असं छान वाक्य असतं. ते शंभर नमुने एसटीने कोण आणणार, ते त्यात नसतं. भाषा तपासायला, संदर्भांची मांडणी करायला यंत्राची मदत खुशाल घे, आणि घेतलीस तर सरांना सांग. विहिरी मात्र त्याला माहीत नाहीत. तुझा आराखडा चार पानांचा झाला तरी चालेल.

आता घरच्यांचा मुद्दा. बँकेची परीक्षा द्यायची असेल तर जरूर दे, दोन्ही एकत्र जमतं. पण असा एक प्रकल्प पूर्ण हाताने केलेला असला की पाणी तपासणी प्रयोगशाळा, पर्यावरण सल्लागार कंपन्या, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जागा इथल्या मुलाखतीत बोलायला काहीतरी असतं. 'नमुना कसा घेतलात?' या प्रश्नावर गप्प बसणारे पदवीधर ढिगाने येतात. पुढे नेट किंवा पीएच.डी. करायची झाली तर हाच आराखडा वाढवता येईल. नोकरी नक्की मिळेल असं मी तुला सांगणार नाही, घरच्यांनाही तसं सांगू नकोस. त्यांना मे महिन्यातल्या दोन-तीन रविवारी मोटारसायकल आणि वडिलांच्या ओळखी तेवढ्या माग.

पहिली फेरी २० मेच्या आत उरक. त्याच्याआधी एकदा रिकाम्या हाताने दोन्ही गावं फिरून चोवीस विहिरी ठरव, मालकांना विचार. आणि थर्मोकोलची पेटी विकत घेऊ नकोस. लसी ज्या पेट्यांतून येतात त्या तालुक्याच्या औषधविक्रेत्याकडे पडून असतात, मागितल्या की देतात.