हीरो मारामारी का टाळतो?

प्रश्न : नमस्कार काका, रविवारी बाबांबरोबर 'द बिग कंट्री' बघितला. बाबा कॉलेजात असताना अलका टॉकीजला इंग्रजी पिक्चर बघायचे त्यामुळे त्यांना वेस्टर्नचं, म्हणजे काऊबॉयच्या पिक्चरचं, भारी कौतुक. पण ग्रेगरी पेक हीरो ना, मग हॅनसीची टगी पोरं भर रस्त्यात त्याची टिंगल करतात आणि हा हसून सोडून देतो? हा सूडाचा पिक्चर आहे की अहिंसेचा? शेवटी एकदाची फाइट होते तर कॅमेरा मैलभर लांब! (कोथरूड, पुणे)

उत्तर : अरे, सूडाचं खूळ हीरोला नाहीच, ते आहे मेजर टेरिल आणि रूफस हॅनसी या दोन म्हाताऱ्यांना, आणि मुळात भांडण पाण्याचं. बिग मडीची जमीन ज्युली नावाच्या शिक्षिकेची, दोन्हीकडची गुरं तिथल्या पाण्यावर जगतात, आणि दोघांनाही ती गिळायचीय. शिरूर-दौंडकडं पाण्याच्या पाळीवरून भाऊबंद फावडी घेऊन उभे राहतात ना, तसंच. हॅनसीच्या पोरांनी होणाऱ्या जावयाची, म्हणजे पेकची, टिंगल केली हे मेजरला निमित्तच मिळालं, जावई नको नको म्हणतोय तरी माणसं घेऊन हॅनसीच्या वस्तीवर निघाला.

आता पेक. भित्रा नाहीये तो, त्याला फक्त बघे नकोत. ओल्ड थंडर घोडा सगळ्यांसमोर चढायला नाही म्हणतो आणि सगळे गेल्यावर पुन्हापुन्हा पडत तोच घोडा वठणीवर आणतो, साक्षीला एकटा गडी रामोन, त्यालाही वर तोंड बंद ठेवायला सांगतो. मेजरचा मुकादम झालेल्या चार्ल्टन हेस्टनशी मारामारीसुद्धा रात्री, कुणाला पत्ता नाही, तिकडे होणारी बायको पॅट्रिशिया याला भेकड समजून बसलीय. मग दिग्दर्शक वायलरनं कॅमेरा मागे नेला तर बिघडलं काय? एवढ्या मोठ्या माळावर दोन ठिपके एकमेकांना बुकलतायत, त्यात कसला आलाय मर्दपणा!

माझ्या मते पिक्चर खाल्ला रूफस झालेल्या बर्ल आइव्जनं. रूफस भर पार्टीत घुसून मेजरची खरडपट्टी काढतो तो सीन परत बघ, आणि शेवटी स्वतःच्या पोरावर गोळी झाडतो तो. सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर उगाच नाही मिळालं. बाकी पावणेतीन तासांत पॅट्रिशियाचे रुसवे थोडे कापले असते तरी चाललं असतं.

आणि मोबाइलवर बघितला असशील तर बाबांना टीव्ही लावायला सांग, १९५८ चा टेक्निरामा आहे तो, रुंद पडद्यासाठी काढलेला, मोबाइलवर ते ठिपके पण दिसायचे नाहीत.