कास्टिंग उद्यमबागेतलं, पण कागद कुठाय?

मुक्त व्यापार करारांबद्दल बेळगाव, खानापूर, निपाणीकडून आलेले चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

आम्ही एक्स्पोर्ट करत नाही, पुण्याच्या पंप कंपनीला कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) देतो. आता ते ‘ओरिजिन डिक्लरेशन’ (माल मूळ कुठल्या देशाचा, याचं लेखी निवेदन) मागताहेत. आमचा काय संबंध? – फाउंड्रीमालक, उद्यमबाग (बेळगाव)

संबंध थेट तुमच्या ऑर्डरशी आहे. समजा, त्यांचा पंप थायलंडला जातो. भारत आणि आसियान (थायलंड ज्यात आहे तो आग्नेय आशियाई देशांचा गट) यांच्या करारातली (२०१०) ड्युटी सवलत हवी, तर एफओबी किमतीत (जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीत) बाहेरचा, म्हणजे भारत-आसियानबाहेरचा माल ६५ टक्क्यांवर जाता कामा नये. शिवाय त्या मालाचा सहा अंकी एचएस कोड (कस्टमचा मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) तयार मालाच्या कोडपेक्षा वेगळा हवा. खरी खोच पुढंच आहे. ज्या मालाचं मूळ सिद्ध करता येत नाही, तोही बाहेरचाच धरतात. १०,००० रुपयांच्या पंपात चिनी मोटर आणि सील ५,८०० चे असतील आणि तुमचं १,२०० चं कास्टिंग बिनकागदाचं असेल, तर बेरीज ७,०००. सवलत गेली! मग खरेदीवाला कागद देणारी दुसरी फाउंड्री बघणारच. त्यात त्याचा दोष नाही.

तेव्हा पिग आयर्न (कच्चं लोखंड), स्क्रॅपची बिलं, हीट रजिस्टर (भट्टीतल्या प्रत्येक वितळणीची नोंदवही) आणि कॉस्ट शीट पार्टनंबरप्रमाणे एका फायलीत लावा. स्क्रॅप आयात केलेलं असलं तरी वितळवून ओतल्यावर कोड बदलतो, फक्त त्याची किंमत बाहेरच्या खात्यात धरा. मात्र तयार चिनी कास्टिंग आणून इथं नुसतं मशीनिंग करत असाल, तर बहुधा कोड तोच राहतो. अशा डिक्लरेशनवर डोळे झाकून सही करू नका.

आफ्रिकेतली काजूबी आणून इथं गर काढतो. गर भारतीय ठरेल का? – काजू कारखानदार, खानापूर

आसियानसाठी विचारत असाल, तर कोडची अट पुरी होते: सालासकट काजू ०८०१.३१, सोललेला ०८०१.३२. अडतं ते किमतीत. गराच्या किमतीत बीचाच वाटा इतका मोठा, की आपली उरलेली ३५ टक्के भर दाखवणं जड जातं. खानापूर-चंदगडची बी घेतली तर हा प्रश्नच नाही. फक्त तिची पोती वेगळी ठेवा, भाजणीपासून पॅकिंगपर्यंत लॉट वेगळा चालवा. एकदा सरमिसळ झाली, की अधिकाऱ्याला काय दाखवणार? आणि करार बदलला की नियम बदलतो. आसियानचा हिशेब दुबईच्या गिऱ्हाइकाला लावू नका.

थायलंडहून फिटिंग मागवतो. सप्लायरचं सर्टिफिकेट आलं, म्हणजे झालं ना? – व्यापारी, बेळगाव

नाही. सप्टेंबर २०२० पासून कस्टमचे ‘कॅरोटार’ नियम (करारातली सवलत घेणाऱ्या आयातीसाठीचे) लागू आहेत. माल त्या देशाचा कसा ठरला, ही माहिती आयातदाराकडे हवी आणि कागद पाच वर्षं जपावे लागतात. ऑर्डर देतानाच ती मागून घ्या. पैसे पोचल्यावर सप्लायर फोन उचलेलच असं नाही. माल सिंगापूरमार्गे येणार असेल, तर थायलंडपासून भारतापर्यंतचं सलग बिल ऑफ लॅडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) हवं.

माल निपाणीत बनतो, कागलमध्ये पॅक होतो. मूळ कर्नाटकाचं की महाराष्ट्राचं? – निपाणी

भारताचं. हा सीमावाद तरी कस्टमच्या दारात येत नाही. ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा कागद) तेवढं बरोबर ठेवा.