‘लॉजिकल व्हॉल्यूम’मधील ‘लॉजिकल’ तार्किक नव्हे

मुलुंडच्या एका शिक्षिका लिनक्स या संगणकप्रणालीवरची टिपणे मराठीत लिहीत आहेत. ‘पार्टिशन’ला ‘विभाजन’ आणि ‘लॉजिकल व्हॉल्यूम’ला ‘तार्किक आकारमान’ म्हटलेले चालेल का, असे त्यांनी विचारले आहे. माझ्या मते दोन्ही शब्द बदलावेत.

इंग्रजीत ‘पार्टिशन’ हा एकच शब्द भाग पाडण्याच्या क्रियेलाही चालतो आणि पाडलेल्या भागालाही. मराठीत विभाजन ही क्रिया आणि विभाग हे तिचे फळ, म्हणून डिस्कचे ‘चार विभाग’ म्हणावे. मुंबईत आणखी एक घोटाळा होतो, कारण इथे पार्टिशन म्हणजे १० बाय १२ च्या खोलीत उभी केलेली प्लायवूडची आडभिंत. डिस्कवर मात्र हे नाव भिंतीला नसून दोन भिंतींमधल्या जागेला आहे. तरी ते प्लायवूड समजावून सांगायला उपयोगी पडते: डिस्कवरील विभागाची जागा सलग असते, तिचा आरंभ आणि शेवट ठरलेला असतो आणि ती वाढवायची तर लगतची जागा आधी मोकळी करावी लागते, जसे पार्टिशन सरकवण्यापूर्वी पलीकडचे कपाट हलवावे लागते.

‘लॉजिकल’चा इथे तर्काशी संबंध नाही, तो ‘फिजिकल’चा विरोधी शब्द आहे. एलव्हीएममध्ये, म्हणजे लिनक्सच्या ‘लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर’मध्ये, एक किंवा अनेक डिस्कवरची जागा एका गटात जमा होते, तिचे सारख्या मापाचे, बहुधा ४ मेबिबाइटचे (मेबिबाइट मेगाबाइटहून किंचित मोठा), तुकडे पडतात, आणि ते तुकडे प्रत्यक्षात कुठेही विखुरलेले असले तरी प्रणाली त्यांना एक सलग डिस्क मानते. या मानण्यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे. मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांना ‘मानीव अभिहस्तांतरण’ चांगले परिचयाचे आहे: विकासकाने जमीन नावावर करून दिली नाही, तरी सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशाने ती करून दिली असे मानले जाते. तोच ‘मानीव’ इथे चपखल बसतो. ‘आभासी’ हा शब्द ‘व्हर्च्युअल’साठी रूढ झाल्यामुळे तो टाळावा.

‘व्हॉल्यूम’चे मूळ लॅटिनमधील गुंडाळीत आहे, गुंडाळीवरून ग्रंथ आणि ग्रंथावरून त्याचा खंड असा अर्थ सरकत गेला, आकारमानाचा अर्थ नंतरचा. विश्वकोशाचा खंड जसा मोठ्या संचाचा भाग असूनही स्वतंत्रपणे हाताळता येतो, तसाच हाही. म्हणून फिजिकल व्हॉल्यूम, म्हणजे गटाला दिलेली डिस्क किंवा तिचा विभाग, ‘भौतिक खंड’, त्यांचा व्हॉल्यूम ग्रुप ‘खंडगट’ आणि लॉजिकल व्हॉल्यूम ‘मानीव खंड’. ‘खंडगटात नवी डिस्क घातली आणि मानीव खंड २० गिगाबाइटने वाढवला’ हे वाक्य वर्गात मोठ्याने वाचून पाहावे. जीभ कुठे अडखळत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. डिस्कचे विभाग नोंदवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीत प्राथमिक विभाग चारच करता येतात, म्हणून त्यांपैकी एक विस्तारित करून त्याच्या पोटात ‘लॉजिकल पार्टिशन’ पाडतात. ती जागा सलगच असते, तिथे मानण्याचा प्रश्न येत नाही. तिला ‘मानीव विभाग’ न म्हणता ‘उपविभाग’ म्हणावे.