पहिली क्लासिक गाडी: अमेरिकन मस्टँग घ्यावी की ब्रिटिश एमजीबी?

पहिलीच असेल तर एमजीबी. १९६२ ते १९८० दरम्यान पाच लाखांवर बनल्या, सुटे भाग अजून सहज मिळतात. १७९८ सीसीचं साधं चार सिलिंडरचं इंजिन घरीही उघडता येतं. फक्त दाराखालच्या सिल्स (बॉडीच्या लांब पट्ट्या) तपासा. बॉडीची ताकद तिथे असते, त्यामुळे तिथे गंज असेल तर चकचकीत रंगाला भुलू नका.

व्ही८ चा, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाचा, आवाज हवाच असेल (मोह मलाही होतो!) तर १९६५ ची मस्टँग. भाग तिचेही मुबलक. पण इंजिन मूळचं की नंतर बसवलेलं, यावर किंमत ठरते. मूळचं इंजिन कोणतं हे कळायला चासी नंबरात (आकडे धरून) पाचव्या जागेवरचं अक्षर बघा: सी, ए, के म्हणजे व्ही८, टी म्हणजे सहा सिलिंडर.