कर्ज नाकारले, म्हणजे नेमके काय नाकारले?

"लग्नासाठी मागितलेले कर्ज बँकेने नाकारले, आता घरच्यांना तोंड कसे दाखवू?" हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकला आहे की, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, त्यांपैकी एका वडिलांचा अनुभव येथे मांडते.

मुलीचे लग्न ठरले होते. अर्ज फेटाळल्याचे त्यांनी पत्नीलाही सांगितले नव्हते. पाठोपाठ आणखी बँकांकडे अर्ज करून झाले होते आणि आता ते मोबाइलवरील झटपट कर्ज देणाऱ्या ॲपकडे वळण्याच्या बेतात होते.

"बँकेने काय कळवले?" मी विचारले.

"माझी ऐपत नाही, असे."

"हे शब्द बँकेचे आहेत?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मीही बोलले नाही. मग सावकाश म्हणाले, "नाही मॅडम. अर्ज नामंजूर, एवढाच मेसेज होता. बाकीचे माझे मीच धरून चाललो."

त्या क्षणापासून त्यांचे बोलणे बदलले. हे कर्ज वेळेवर फिटेल का, एवढेच बँकेने तपासले होते; त्यांनी मात्र बाप म्हणून आपण नापास झाल्याचा निकाल ऐकला होता. घटनेपेक्षा तिला आपण जोडलेला अर्थ माणसाला अधिक छळतो, अशी माझी ठाम धारणा आहे, आणि तो अर्थ समोरच्याला स्वतःच्याच तोंडून ऐकू येईपर्यंत थांबणे मी अनेक वर्षांच्या कामातून शिकले आहे.

मन थोडे निवळल्यावर त्यांनी बँकेकडे कारण मागितले. नकाराची मुख्य कारणे अर्जदाराला लेखी कळवावीत, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. बँकेकडून कळलेले कारण वेगळेच होते: एका नातेवाइकाच्या कर्जाला ते जामीन राहिले होते आणि ते कर्ज थकले होते. ही नोंद जामीनदाराच्या पतअहवालातही, म्हणजे त्याच्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदींच्या अहवालातही, दिसते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. म्हणून नकार आला की आधी सिबिलसारख्या पतमाहिती कंपनीचा अहवाल पाहावा. प्रत्येक कंपनीकडून तो वर्षातून एकदा मोफत मिळतो, आणि त्यात चूक आढळल्यास दुरुस्तीची तक्रार 30 दिवसांत निकाली निघणे अपेक्षित असते. अर्जामागून अर्ज करत सुटणे टाळावे, कारण बँकेने केलेल्या प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि थोड्या काळात अशा अनेक नोंदी दिसल्या की पुढची बँक अधिकच सावध होते.

घरी सांगणे त्यांना सर्वांत जड गेले. मुलगी रागावली, पण तो राग लग्न साधेपणाने करावे लागेल याचा नव्हता, आपल्याला विचारलेच नाही याचा होता. त्यानंतर तिघांनी मिळून आधी घराला झेपेल असा खर्च ठरवला आणि मग पाहुण्यांची यादी केली. लग्न आटोपशीर झाले. थकलेल्या कर्जाचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. मात्र त्या नातेवाइकाशी जे बोलणे त्यांनी इतके दिवस टाळले होते, ते आता त्यांनी सुरू केले आहे.