थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रामचा इनबॉक्स अचानक रिकामा दिसतोय (पॉप खातं, म्हणजे मेल सर्व्हरवरून उतरवून संगणकावर ठेवणारं). जुने मेल परत मिळतील का?

बहुतेक वेळा मिळतात. फक्त फोल्डर 'कॉम्पॅक्ट' करू नका. थंडरबर्डने विचारलं तरी नाही म्हणा, कारण त्यात पुसलेले मेल फाइलमधून कायमचे जातात.

मेल असतात 'इनबॉक्स' नावाच्या, एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटचा टिंबानंतरचा भाग) नसलेल्या टेक्स्ट फाइलमध्ये. शेजारची '.एमएसएफ' फाइल ही नुसती अनुक्रमणिका, आणि सहसा बिघडते तीच. 'हेल्प'मधल्या 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन'मधून प्रोफाइल फोल्डर (थंडरबर्ड मेल आणि सेटिंग्ज ठेवतं तो) उघडा, थंडरबर्ड बंद करा, अख्ख्या फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. ही पायरी कृपया गाळू नका.

आता इनबॉक्स फाइलचा आकार पाहा. शेकडो एमबी असेल तर मेल बहुधा आतच आहेत. .एमएसएफ तेवढी काढून टाका. थंडरबर्ड सुरू केल्यावर ती नव्याने बनते. विंडोज एक्स्टेन्शन लपवतं, म्हणून नाव नीट वाचा, नाहीतर मूळ फाइलच उडेल.

तरी काही मेल गायब? थंडरबर्ड पुन्हा बंद करून इनबॉक्स फाइल नोटपॅड++ या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. पुसलेल्या मेलच्या 'एक्स-मोझिला-स्टेटस' ओळीत 0008 किंवा 0009 असतं. ते 0001 करा, सेव्ह करा, .एमएसएफ पुन्हा काढून टाका.

इनबॉक्स फाइलच शून्य केबीची असेल तर मात्र जुना बॅकअपच शोधावा लागेल.